जखम काढायची राहिली

एप्रिल लागला की अमरावतीत घरोघरी कूलर माळ्यावरून खाली उतरतात. मागच्या वर्षीच्या गवताच्या ताट्या काढल्या की आतून जे बाहेर येतं ते बघवत नाही. काळं पडलेलं गवत, तळाशी वाळून चिकटलेली शेवाळाची साय, आणि नशीब फारच वाईट असेल तर एक वाळकी पाल. नव्या ताट्या बसवल्या तरी पहिले दोन-चार दिवस गार वाऱ्यासोबत तो ओला कुबट वास खोलीभर फिरत राहतो. पुष्कळांना हा वास आवडतो म्हणे. त्यांना सुट्ट्या आठवतात, मामाचं गाव आठवतं. मला मळमळतं.

याच दिवसांत माझे चित्रकलेचे उन्हाळी वर्ग सुरू होतात. यंदा पहिल्याच दिवशी सातवीतल्या एका मुलीने मोठ्या हौसेने वही उघडून माझ्यापुढे धरली. पहिल्या पानावर चमकीच्या पेनाने लिहिलं होतं, ‘माय गोल्स’. खाली एक ते दहा आकडे. रोज वीस स्केचेस. आठवड्याला एक पोर्ट्रेट. मेअखेर वॉटरकलर पक्का. प्रत्येक ओळीपुढे खूण करायला एक चौकोन, आणि चौकोनाभोवती फुलांची नक्षी. तिची आई मागेच उभी होती. म्हणाली, “मॅडम, तुम्ही जरा कडक राहा. टार्गेट दिलं की करते ती.”

छान आहे, म्हणून मी वही मिटली. त्या पोरीचा काहीच दोष नव्हता. पण तोंडात एक कडवट चव आली ती दिवसभर गेली नाही. असाच एक कागद मी विसाव्या वर्षी अकोल्याच्या एका भिंतीवर चिकटवला होता. त्या उन्हाळ्यातली मी मला अजूनही सहन होत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी अमरावतीच्या कला महाविद्यालयात मला प्रवेश नाकारला होता. मुलाखतीला मी नेलेल्या चित्रांवरून सरांनी नुसती नजर फिरवली. “हात कच्चा आहे. वर्षभर मेहनत करून ये,” एवढंच म्हणाले. बार्शीटाकळीला आमच्या घरात मेहनत करायला कोपरा नव्हता, आणि चित्रं काढत बसलेली मुलगी म्हणजे नुसती बसलेली मुलगी, असंच सगळे धरून चालत. मार्च संपता संपता बाबांची बहीण, कमलआत्या, आजारी पडली. बाबा म्हणाले, “जाय अकोल्याले. तिचंही होईन, तुहंही होईन.”

आत्या डाबकी रोडला दोन खोल्यांत एकटी राहायची. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा सुरतेला कामाला. पुढच्या खोलीत तिचं पायाने चालवायचं शिलाई मशीन. तीसेक वर्षं तिने फक्त ब्लाउज शिवले. पातूरपासून बाया तिच्याकडे यायच्या, कारण तिचा ब्लाउज अंगावर बसायचा. बाकीच्यांचा अडकायचा.

त्या फाल्गुनात मशीनची एक मोडकी सुई खाली पडली आणि आत्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्यात घुसली. साखरेच्या आजाराने तिचे पाय बधिर झालेले. दोन दिवस तिला पत्ताच नव्हता. पायडलवर रक्ताचे डाग दिसले तेव्हा तिने आधी कापड तपासलं म्हणे, कोणाच्या ब्लाउजला तर लागलं नाही ना. सुई निघाली, पण जखम चिघळली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी धुवायची, सडलेलं कापसाने निपटून काढायचं, औषध लावून बांधायची. हे काम माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी पट्टी सोडली आणि मी मोरीत जाऊन ओकले. वास आधी आला. डोळ्यांना काही दिसायच्या आतच तो घशात उतरला. गोडसर, जड, उन्हात विसरलेल्या पिकल्या आंब्यासारखा. त्या वासावर औषधाचा तपकिरी वास, त्यावर कूलरचा कुबट ओलावा. ओकून परत आले तर आत्या स्वतःच वाकून कापूस फिरवत होती. दिसत नव्हतं तिला नीट, भलतीकडेच फिरवत होती.

“तुले होत नसन तं राहू दे माय. मी करतो.”

“नाही, करते मी,” मी म्हणाले, आणि नाकाला ओढणी बांधून केलं. रोज केलं. त्याचं श्रेय मी घेत नाही, कारण ते करताना मी पायाकडे बघतच नव्हते. डोळे अर्धे मिटून, श्वास रोखून, लवकर संपावं म्हणून करत होते. पट्टी बांधून झाली की साबणाने तीनतीनदा हात धुवायचे आणि आतल्या खोलीत जाऊन कलावंत व्हायला बसायचे.

आतल्या खोलीच्या भिंतीवर माझा कागद होता. वरती लाल अक्षरांत ‘शंभर दिवस’. रोज पन्नास स्केचेस. रोज एक तास फक्त हात आणि पाय. फोटोवरून काहीही काढायचं नाही, या ओळीखाली दोन रेघा. जुलैपर्यंत एक चित्र असं, की ज्याची लाज वाटणार नाही. रोजचं एक चित्र मी फोनवर टाकायचे आणि खाली आकडा लिहायचे. दिवस पहिला, दिवस दुसरा. अनोळखी लोक बदाम पाठवायचे, ‘कीप गोइंग’ म्हणायचे.

पहिले दहा दिवस खरंच काढलं. मशीन काढलं, दारातला रांजण काढला, समोरच्या घराच्या ओट्यावर झोपलेलं कुत्रं काढलं. वाईट होतं सगळं. रांजण तिरका, कुत्र्याला पाच पाय असावेत तसं. बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात तळहाताचा घाम कागदावर उतरायचा, पेन्सिल फरफटायची, कागद मळकट व्हायचा. फोनवरचे बदामही कमी झाले. अकराव्या दिवशी मी आत्याच्या हाताचा फोटो काढला, खिडकीच्या काचेवर फोटोचा प्रिंट आणि वर पांढरा कागद धरला, आणि मागून येणाऱ्या उन्हात रेघा गिरवल्या. मग सावकाश छाया भरली. तासाभरात असा हात तयार झाला की कोणीही म्हणावं, काय हात आहे! त्या दिवशी बदाम तिप्पट आले.

आणि मी भिंतीवरच्या यादीत, दोन रेघा मारलेल्या ओळीपुढे, बरोबरची खूण केली.

ही खूण आठवली की आजही अंगावर काटा येतो. चोरी लोक करतात, खोटंही बोलतात. पण कोणीही बघत नसताना, बंद खोलीत, स्वतःच्याच कागदावर, स्वतःलाच फसवून शाबासकी देणारा माणूस किती चिकट असतो! त्यानंतरचे सगळे दिवस मी काचेवरच काढले. पन्नास स्केचेसच्या जागी पाच मिनिटांत पन्नास फराटे ओढून आकडा पुरा करायचा. संध्याकाळी एक गिरवलेलं चित्र टाकायचं. उन्हात तीसेक चित्रं झाली आणि माझा हात होता तिथेच होता. उलट आता तो काचेशिवाय घाबरायला लागला होता.

बाहेरच्या खोलीत दुसरंच चाललं होतं. आत्याकडे येणाऱ्या बाया दारातच उभ्या राहायला लागल्या. हिवरखेडला लग्न असलेली एक बाई आली. तिने उंबऱ्याबाहेरून जुना ब्लाउज पुढे केला आणि पदर नाकाशी नेत म्हणाली, “ह्याच मापाचा शिवा कमलबाई. आत नाई येत, घाई हाय.”

“घाई हाय तं बरोबर हाय,” आत्या म्हणाली. “पन तुमी मंधात वायल्या, बारीक झाल्या. जुन्या मापाचा बसनार नाई. टेप लावू द्या.”

बाई आत आली नाही. तिने तो ब्लाउज शिवायलाही दिला नाही. आत्या दारापर्यंत एका पायावर गेली होती, तशीच परत आली आणि बराच वेळ टेप बोटाभोवती गुंडाळत, सोडत बसली. मी आतून हे सगळं पाहिलं आणि फोन उचलून बदाम मोजले. त्या वयात माणूस इतका आंधळा असतो असं म्हणून सुटता येईल. मी आंधळी नव्हते. मला दिसत होतं, फक्त त्यापेक्षा फोन जास्त महत्त्वाचा वाटत होता.

मेच्या मध्यावर मला कल्पना सुचली. आत्याचे पाय. मशीनच्या पायडलवरचे कष्टाचे पाय. मी तिला खुर्चीवर बसवलं, पट्टी सोडलेली होती, आणि अशा कोनातून फोटो घेतला की उजवा पाय पुढे यावा. तरी डावा अंगठा थोडा दिसतच होता. कागदावर उतरवताना मी तो गोल, गुळगुळीत करून टाकला. नखं नीट केली. टाचेच्या भेगा मात्र मन लावून काढल्या, कारण भेगा लोकांना आवडतात. भेगांत कष्ट दिसतात, आणि त्यांना वास नसतो. खाली लिहिलं, ‘माझी आत्या. हे पाय थकले नाहीत.’

तोवरच्या कुठल्याच चित्राला आलं नव्हतं एवढं कौतुक त्याला आलं. डोळ्यांत पाणी आलं, असं लोकांनी लिहिलं. मी धावत आत्याकडे गेले. तिने चष्मा लावला, कागद दोन्ही हातांत धरला.

“हे कोनाचे पाय व?”

“तुझेच की आत्या.”

“माहे?” तिने कागद जवळ नेला, लांब नेला. “अन् जखम कुठी गेली?”

“घाण दिसत होती, म्हणून सोडली.”

ती चिडली नाही. चिडली असती तर मी आज हे लिहीत नसते. कापड उलगडताना बोलावं तशा आवाजात म्हणाली, “घान तं हायच ते. मी दिवसभर घेऊन बसतो तिले. तुले तं निस्ती काढाची होती.”

तिने चित्र मशीनवर ठेवलं, त्यावर कात्री ठेवली, उडू नये म्हणून.

“कुबड असलेली बाई येते माह्याकडे,” ती म्हणाली. “मी काय कुबड सोडून माप घेतो? मंग तो ब्लाउज कोनाले बसन?”

माझ्या यादीत दहा ओळी होत्या. त्या दुपारी आतल्या खोलीत जाऊन मी त्या पुन्हा वाचल्या. दहाच्या दहा माझ्याबद्दल होत्या. माझा हात, माझा वेग, माझे शंभर दिवस, मला वाटणारी किंवा न वाटणारी लाज. ज्या वस्तू आणि माणसं मी काढणार होते त्यांच्यासाठी एकही ओळ नव्हती. आत्याने आयुष्यात कधी ‘मला चांगली शिंपीण व्हायचं आहे’ असं म्हटलं नसावं. ती म्हणायची, ह्या बाईचा डावा खांदा उतरता आहे. त्या पोरीची पाठ अजून भरायची आहे. एकेका खांद्यावर, एकेका पाठीवर नजर ठेवत तिचा हात तयार झाला होता. मी भिंतीवरचा कागद काढला. फाडला वगैरे नाही; तेही मग एक चित्र झालं असतं. घडी घालून केराच्या डब्यात टाकला. त्यात आधीच आत्याच्या पट्टीचा कापूस पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडली, पाय धुतला, आणि वही घेऊन समोर जमिनीवर बसले.

“काय करून राहिली व?”

“पाय काढते. जखमेसकट.”

“काढ,” ती म्हणाली आणि पाय पुढे केला, जसं गिऱ्हाईक टेपसाठी हात पुढे करतं.

मला वाटलं होतं, नीट बघायला लागलं की किळस जाईल. कलेबद्दल असंच काहीतरी ऐकलेलं असतं. किळस गेली नाही. अर्ध्या तासात दोनदा उठून मला मोरीत जावं लागलं. जखमेच्या मधोमध शिळ्या वरणावर येते तशी पिवळी साय, कडेला काळपट चामडं, आणि एका जागी, एकाच जागी, पेरूच्या गरासारखं ताजं गुलाबी मांस. माश्या येत होत्या. आत्या वर्तमानपत्राने वारत होती. तरी हात चालत होता. पहिलं चित्र वाईट आलं, अंगठा बटाट्यासारखा. दुसऱ्या दिवशी कळलं की अंगठा मी बघून काढलाच नव्हता. अंगठा कसा असतो हे आठवून काढला होता. तिसऱ्या दिवशी कडेचं काळं थोडं पसरलेलं दिसलं. ते मला कागदामुळे कळलं, एरवी कळलंच नसतं, कारण मी डोळे अर्धे मिटून धुवायचे.

मी आत्याला त्याच सकाळी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अंगठा काढावा लागेल आणि लवकर काढावा लागेल, नाहीतर पायावर जाईल. आत्याने एकच विचारलं, “पायडल मारता येईन का?” डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. मी समजावून सांगितला. येईल म्हणाले, सवयीने.

शस्त्रक्रियेच्या आधी मला आणखी दोन सकाळी मिळाल्या. पाचवं चित्र शेवटचं. त्याला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. आत्या बसल्या बसल्या डुलकी घेत होती आणि मध्येच डोळे उघडून विचारत होती, “झालं काय?” त्या पाच चित्रांतलं एकही मी फोनवर टाकलं नाही, आणि तिलाही दाखवलं नाही. हिंमत झाली नाही.

जुलैत पुन्हा अमरावतीला मुलाखत झाली. तेच सर. फाइलमध्ये मी गिरवलेलेही कागद ठेवले होते, कारण एवढ्या सगळ्यानंतरही प्रवेश मला हवाच होता, आणि त्यांच्यावर ही जखमेची पाच चित्रं. सरांनी पहिला कागद पाहिला, दुसरा पाहिला, आणि पाचही एकदम उलटून बाजूला सारले. बोटं रुमालाला पुसली. पेन्सिलीचं चित्र होतं ते, ओलंही नव्हतं.

“हे काय ओंगळ? काहीतरी प्रसन्न काढत जा. मुलगी आहेस तू.” मग त्यांना पायडलवरचे पाय सापडले. त्यांनी ते शेजारच्या मॅडमकडे सरकवले. “हे बघा. याला म्हणतात निरीक्षण. वर्षात केवढी प्रगती!”

काच, खिडकी, फोटो, मी काहीच सांगितलं नाही. मला प्रवेश मिळाला. ते चित्र पुढे फ्रेम होऊन महाविद्यालयाच्या जिन्यात लागलं, आणि शिकायची सगळी वर्षं मी त्या जिन्यावरून मान खाली घालून गेले. आजही त्या महाविद्यालयातला जुना कोणी विद्यार्थी भेटला की म्हणतो, “मॅडम, तुमचे ते पाय काय सुंदर!” मी विषय बदलते. लोकांना वाटतं, विनय आहे.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरमार्गे जाणाऱ्या गाडीने मी अकोल्याला परतले. सोयाबीनचे अंकुर वर आले होते, गाडीत सगळ्यांचे डबे उघडले होते, ठेच्याचा वास होता, आणि मला भूक नव्हती. आत्या दारातच, तिथवर ओढून आणलेल्या मशीनपुढे बसली होती. डाव्या पायाला स्वच्छ पांढरी पट्टी, वास काही नाही. उजव्या पायाने पायडल मारायचा सराव ती करत होती. पदर खोचून, रिकाम्या मशीनवर, दोरा न ओवता.

“झालं काय व?”

“झालं. मिळाला प्रवेश.”

“मंग तोंड काहून असं?” तिने बाजूला जागा केली. “माह्या पायाचं दाखवलं काय त्याईले?”

“दाखवलं.”

“मंग?”

“त्यांना किळस आली.”

तिने पायडलवरचा पाय थांबवला. मग म्हणाली, “मले तं दाखवलंच नाई तू.”

मी फाइल उघडली. पाचही कागद तिच्या मांडीवर एकावर एक ठेवले. तिने हात पुसले, चष्मा चढवला. ब्लाउजची उलटी शिवण तपासावी तसा एकेक कागद डोळ्यांजवळ नेऊन बघितला. पहिल्या बटाट्याला हसली. पाचव्यावर थांबली. बोट पुढे नेलं, पण कागदाला लावलं नाही. काळ्या कडेवरून, पिवळ्यावरून, त्या एवढ्याशा ताज्या जागेवरून हवेतल्या हवेत फिरवलं.

“हा होता,” ती म्हणाली. “बरोबर हा होता.”

मी वाट बघत होते. ती आणखी काही बोलेल असं वाटलं. तिने पदराचं टोक उचललं, नाकावर धरलं, आणि तोंड फिरवून घेतलं.

“झाक व माय. वास येऊन राहिला.”